उभ्या खाचा

शेठचा नातू ती गाडी माझ्या वर्कशॉपमध्ये जीपने ओढून घेऊन आला, तेव्हा बाबा दारातच स्टुलावर बसले होते. गाडी दिसली आणि त्यांनी तोंड फिरवलं.

साठ वर्षांपूर्वी शेठसाठी तिच्या बॉडीचा लाकडी सांगाडा बाबांनी बनवला होता. त्यावर पत्रा, पत्र्यावर रंगाचे दहा हात. सहा महिन्यांत एका वळणावर मागचं डावं दार उघडलं, शेठाणी रस्त्यावर पडली, हात मोडला. दोष कुणाचा? सुताराचा. दुसऱ्या कुणाचा असणार! शेठने बाबांना हाकललं. बाजाराने त्यांचं नाव 'दारपाड्या' ठेवलं. शाळेत मी दारपाड्याची पोर. असल्या गाड्या घडवणाऱ्या हातांनी मग जन्मभर दुकानांच्या फळ्या ठोकल्या.

"सगळा रंग उतरवा. आरशासारखी चमकली पाहिजे," नातू म्हणाला. पन्नाशीचा गडी, पण उत्साह नव्या नवऱ्याचा. "अपघात झाला त्याच दिवशी आजोबांनी शेडला कुलूप लावलं. तेव्हापासून कुणी बोट लावलेलं नाही. आणि ते दार नवीनच बनवा. कुणी फालतू सुतार होता म्हणे."

तो सुतार कोण, ते न सांगता मी काम घेतलं. रागाने घेतलं. म्हटलं, हिची कातडीच सोलते, म्हणजे घरातली ही कटकट एकदाची संपेल.

मडगार्डवरचा तळहाताएवढा रंग निघाला असेल नसेल, बाबांची काठी माझ्या पाठीत टोचली.

"थांब गधडे. आधी ते दार उघड. बिजागऱ्या दाखव."

"इतकी वर्षं बघायचं नव्हतं, आज काय बघायचंय?"

"इतकी वर्षं मला कुणी जवळ फिरकू दिलं का?"

दार उघडलं. वरच्या बिजागरीचे चारही स्क्रू जागच्या जागी. त्यांच्या डोक्यांवरच्या चारही खाचा उभ्या, आणि खाचांत भरलेला मूळचा रंग जराही तडकलेला नाही. बाबांची ती खोडच होती. स्क्रू घट्ट झाला आणि खाच तिरकी राहिली, की तो काढायचा, दुसरा लावून बघायचा. घरातला आरसाही त्यांनी तसाच लावलाय. आई म्हणायची, "स्क्रूशीच लग्न करायचं होतंत."

खालच्या बिजागरीच्या खाचा मात्र वाटेल तशा फिरलेल्या, रंग तुटलेला. मी ते स्क्रू काढले. पट्टीखालून सिगारेटच्या पाकिटाची घडी खाली पडली.

बाबांनी ती काठीने माझ्याकडे सरकवली. मी नातवाला फोन केला. गोड बोलून नाही.

तो आला, तशी ती घडी मी त्याच्या हातात कोंबली. "कुलूप लागल्यावर कुणी हात लावला नाही ना? मग ही पाचर अपघाताच्या आधीची. दार अडकतंय म्हणून तुमच्याच माणसाने स्क्रू काढले, हे खाली सारलं आणि कसेबसे परत पिळले. दार तिरकं झालं, कडी पुरती बसेना, म्हणून ते वळणावर उघडलं."

त्याने घडी उलगडली. "ड्रायव्हरकाका हीच ओढायचे," तो हळूच म्हणाला. "आजोबांचा फार लाडका माणूस."

"लाडक्याला कोण विचारणार! हाकललं यांना. हे बसलेत ना, तेच तुमचे फालतू सुतार."

मला वाटलं, आता हा पाय काढता घेईल. तो स्टुलासमोर जाऊन उकिडवा बसला.

"मिस्त्री, चुकलं आमचं. मी घरात सगळ्यांना सांगेन. दार तुम्हीच लावा. रंगाला कुणी हात लावायचा नाही."

"आणि आमच्या पोरीने खरवडलंय ते?"

"तेही राहू दे."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर मला दिला नाही. शेवटच्या स्क्रूची खाच काही केल्या उभी राहीना. अकरा स्क्रू बाद केले, बारावा सरळ थांबला. दार लोटलं. टक. बाबांनी ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा लोटलं, उगाचच.

जाताना नातू ओढणाऱ्या जीपमध्ये चढायला निघाला. बाबांनी काठीने गाडीतली मागची डावी सीट दाखवली.

"तिथे नाही. इथे बसा. दाराला टेकून."

तो दाराला टेकून बसला. जीपने कोपऱ्यावर वळण घेतलं. दार हललं नाही. नातवाने खिडकीतून हात बाहेर काढून बाहेरून दारावर दोन थापा मारल्या.

"हळू मार म्हणावं," बाबा म्हणाले. "मूळचा रंग आहे."