मधले घर शोधणारे यंत्र

मित्रांनो, सांख्यिकी कार्यालयाच्या दर्शनी भागात, काचेच्या कपाटात बसलेले मी एक जुने हिशेबाचे यंत्र आहे. माझ्या पायाशी पितळी पाटी आहे : 'कधीही न चुकलेले'. तुमच्यासारखी मुले ती मोठ्याने वाचतात, तेव्हा मला तोंड लपवावेसे वाटते. पण काचेच्या कपाटात लपणार तरी कुठे?

कारखान्यात माझ्या पोटात दातेरी चाके बसवली, उजव्या कुशीला दांडा लावला आणि आकडा मोठा झाला की वाजणारी एक घंटाही दिली. त्या घंटेचा मला भारी तोरा होता.

आमचा जिल्हा खेड्यापाड्यांचा. दरवर्षी निवडक घरांत जाऊन कमाई विचारायची, माझ्यावर तिची बेरीज करायची आणि महागाईने फुगलेला भाग काढून टाकायचा. मग सगळी घरे कमाईच्या क्रमाने लावून बरोबर मधोमध कोणते घर येते ते पाहायचे. त्या मधल्या घराची कमाई म्हणजे मध्यक. सरासरीत एखादा धनदांडगा सगळ्यांनाच श्रीमंत करून टाकतो; मध्यकापुढे त्याची डाळ शिजत नाही. दर वर्षाचा मध्यक भिंतीवरच्या तक्त्यावर टिंब होऊन बसे आणि टिंबे जोडून रेघ काढली जाई.

माझा दांडा कार्यालयातल्या कारकून अक्का फिरवत. मला तेल घालत, मऊ फडक्याने पुसत आणि म्हणत, “चल राजा, आज नखरे नकोत.”

रेघ वर्षानुवर्षे चढत गेली. कार्यालयाचे मुख्य साहेब हरखले. आणि मी? माझ्या चाकांवर लहान आकडे येईनासे झाले होते, घंटा सारखी वाजत होती, आणि मी स्वतःवरच खूश होते. लहान आकडे गेले कुठे, हे माझ्या मनातही आले नाही.

ज्या जिल्ह्याचा मध्यक ठरलेल्या पातळीखाली असे, त्याच्या डोंगराकडच्या गावांना फिरता दवाखाना मिळे. एका वर्षी आमची रेघ ती पातळी ओलांडून गेली. कार्यालयात टाळ्या पडल्या, मला पाटी मिळाली. आणि दवाखान्याची गाडी बंद झाली.

अक्कांची आत्या अशाच एका गावात राहायची. साखरेच्या दुखण्याने तिचे डोळे अधू होत चालले होते आणि गाडीतल्या डॉक्टरांच्या औषधावरच ते टिकून होते. गाडी थांबल्यावर अक्का रजा काढून तिला भेटून आल्या आणि तडक साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

“साहेब, आत्याच्या आळीत कमाई विचारायला कुणीच गेलेलं नाही. दिवसा सगळी खाणीवर असतात. दारांना कुलपं.”

“अहो, कुलूप असलं तर पुढचं उघडं घर घ्यायचं. माझाच नियम आहे तो,” साहेब म्हणाले. आणि बोलता बोलता थांबले.

दिवसा उघडे घर कुणाचे असते? दुकानदाराचे, पेन्शनवाल्याचे, घरी बसणे ज्याला परवडते त्याचे. गावातली कामे आटत गेली, माणसे लांब राबायला जाऊ लागली, कुलपे वाढली आणि आमची रेघ चढत राहिली.

“म्हणजे लोक खाली चालले होते, आणि आपण...” साहेबांनी भिंतीवरच्या चढत्या रेघेकडे पाहिले.

“दांडा तर मीच फिरवला की हो,” अक्का म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. माझी बेरीज त्याही वर्षी बिनचूक होती, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटली.

मग माणसे कामावरून परतल्यावर, संध्याकाळी, साहेब स्वतः त्या आळ्यांतून फिरले. नवे आकडे माझ्यावर चढले. घंटा क्वचितच वाजली. मध्यक पातळीच्या बराच खाली आला. साहेबांनी चूक वर कळवली, वरिष्ठांची बोलणी खाल्ली, बढती गमावली. पाटी मात्र राहिली, कारण ती काढायला वरून मंजुरी लागते.

गाडी पुन्हा सुरू झाली, पण मधे वर्ष निघून गेले होते. आत्याची दृष्टी परत आली नाही.

एकदा अक्का तिला कार्यालयात घेऊन आल्या. साहेबांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवले आणि मान खाली घालून उभे राहिले.

“तुझं ते यंत्र कुठंय गं?” आत्याने विचारले.

अक्कांनी कपाट उघडले. आत्याची खरबरीत बोटे माझ्या दांड्यावरून, चाकांवरून हळूहळू फिरली.

“किती गुळगुळीत ठेवलंय! धुळीचा कण नाही,” ती म्हणाली. “छान जपलंत हो याला.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' अशी विनवणी करतात. माझ्याने ती करवत नाही. मला खुशाल गंजू द्या. तेलाची ती बाटली बाजूला ठेवा आणि आधी आत्यासारख्या माणसांना हात धरून पायऱ्या उतरवून द्या.