लुसालाचा खिळा

"पक्कड दे, दादा. एकच खिळा काढायचाय."

मावुंगूने मान वर केली नाही. तो लाकडी येशूच्या बरगड्या तासत होता. मायोंबेच्या जंगलातल्या त्या गावात पक्कड एकट्या त्याच्याकडे. बाहेर चर्चच्या अंगणात त्यानेच तरुणपणी कोरलेला एन्किसी, शपथा राखणारा लाकडी पुतळा, आडवा पडला होता. अंगभर खिळे, एकेक खिळा म्हणजे एकेकाची शपथ, आणि त्याला शपथ घेणाऱ्याच्या कपड्याची चिंधी. रविवारी तो जाळायचा होता.

"इतकी वर्षं कुठे होतीस, लुसाला?"

"इतकी वर्षं माझी बहीण खोंडे मरत नव्हती."

•

वीस वर्षांपूर्वी लुसालाचं पोर तापाने गेलं. कुणीतरी कुजबुजलं, धाकट्या बहिणीने करणी केली, खोंडेने खाल्लं. लुसालाने खिळा जिभेने चाटला आणि एन्किसीच्या छातीत ठोकला: खोंडेने माझा उंबरा ओलांडला तर मरो.

हातोडी मावुंगूने दिली होती.

ज्याने ठोकला त्यानेच उपटायचा. नाहीतर शपथ सुटत नाही.

•

"माझ्या घरात निजायचंय म्हणते. चार दिवस काढेल फार तर."

"फादरनी बजावलंय. एन्किसीला हात लावला तर माझा येशू वेदीवर चढणार नाही. दोन वर्षं घातलीत मी ह्याच्यात."

"हातोडी देताना नाही विचारलंस कुणा फादरला!"

तासणी थांबली. पुन्हा सुरू झाली.

"जळला की शपथही जळेल."

"लोखंड जळतं होय रे?"

•

जळला. राखेतून खिळे निघाले, चिंध्यांविना सगळे सारखे. "चांगले आहेत, फेकू नका," फादर म्हणाले. त्यातलेच तीन येशूला लागले.

खोंडे गेली ती बहिणीच्या उंबऱ्याबाहेर, चार पावलांवर. लुसाला कसाव्याची भाकरी घेऊन आतून येईपर्यंत.

•

आता दर रविवारी लुसाला येशूच्या पायांशी वाकते.

"भक्ती शिका हिच्याकडून," फादर सांगतात. "कशी पाय चुंबते बघा!"

मागच्या बाकावरून मावुंगूला दिसतं. ती चुंबत नाही. खिळा चाटते, मग नखांनी ओढते.

एकदा तिने विचारलं, "हाच ना रे माझा? मेली तरी आत येत नाही ती. अंगणातच बसून असते."

"हाच," मावुंगू म्हणाला.

त्याला ठाऊक नव्हतं. पक्कड खिशातच होती.