जमिनीला नाक लावून

"थांब! काडी ओढू नकोस."

आर्विड अल्बिनाच्या तळघरात सिमेंटवर पालथा पडला होता. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हाताचं बोट कपडे वाळवायच्या गॅसच्या ड्रायरच्या तांबड्या बटणावर. मागे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती. एक्क्याऐंशी वर्षांची, कमरेवर हात.

"का? काय झालं?"

"गॅसचा वास घेतलास?"

"घेतला की. तुझ्यासमोर नाक लावलं जमिनीला."

"मग?"

"मग काय. काही नाही."

काही नव्हतंच. नोव्हेंबरात तापातून उठला तेव्हापासून त्याला कशाचाच वास येत नव्हता. कॉफी नाही, सौनाच्या वाफेतला बर्चचा पाला नाही. सांगितलं कुणालाच नव्हतं. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर साचतो. म्हणून काडीच्या आधी नाक. चौपन्न वर्षांचा नियम. तो त्याने आजही पाळला. वाकला, हुंगल्यासारखं केलं.

हुंगल्यासारखं.

१९५८चा ड्रायर. गावात याची ज्योत पेटवणारा तो एकटाच उरला होता, आणि त्याच्यासाठीही हे एकच काम उरलं होतं. हे गेलं, तर सकाळी हत्यारांची पेटी उचलून जायचं कुठे?

"सकाळी दारातून आत आलास तेव्हा काय म्हणालास, आर्विड?"

"काय म्हणालो?"

"'व्वा, पोतित्सा भाजतेयस वाटतं. काय वास सुटलाय!'"

"मग? ओट्यावर अक्रोड दिसले. सणाला तुझ्याकडे अक्रोडाच्या त्या गोड पावाशिवाय दुसरं काय असतं?"

"कोळसा झाला होता तिचा. बाहेर उणे वीस असताना चारही खिडक्या उघड्या टाकल्या मी. समोरचा कुत्रा शिंकायला लागला. आणि तू म्हणतोस, व्वा."

गार वारा लागला होता खरा. म्हातारीला उकडत असेल, असं वाटलं होतं.

"तू वर जा. काम करू दे मला."

"कधीपासून?"

बोट बटणावर. बोट खाली. पुन्हा बटणावर.

"आजवर चुकलोय का मी?"

"माझा नवरा रूडीपण हेच म्हणायचा. डोळे गेले तरी गाडी चालवत होता. रस्त्याकडेची पत्रांची पेटी तीनदा आडवी केली." ती कण्हत गुडघ्यांवर आली. "सरक तिकडे."

"अगं, उठता यायचं नाही तुला."

"सरक म्हटलं ना."

पांढरं डोकं सिमेंटला टेकलं. एक श्वास. दुसरा.

"आहे. त्या नळीच्या सांध्यापाशी."

त्याने गॅसची चावी बंद केली. दाढीच्या ब्रशाने सांध्याला साबणाचं पाणी लावलं, चावी किंचित उघडली. एक बुडबुडा आला. फुगला. फुटला. दुसरा फुगायला लागला.

काडेपेटी अजून त्याच्या मुठीत होती.

त्याने चावी पुन्हा बंद केली, तळघराचं दार, खिडकी उघडली. सांधा सोडवला, पुसला, आवळला. साबण लावला. बुडबुडा नाही. ज्योतीच्या भोकात बारीक तार घालून कपड्यांच्या तंतूंचा गोळा काढला.

"आता घे," तो म्हणाला.

तिने हुंगलं. "नाही."

"नक्की?"

"जळक्या पोतित्सेचाच येतोय फक्त."

त्याने काडी ओढली, बटण दाबून धरलं. निळं बोंड उभं राहिलं. त्याशेजारची सळई नीट तापेपर्यंत साठ मोजायचे, मगच बोट सोडायचं.

एक. दोन.

"कुणाला सांगणार नाही मी."

नऊ. दहा.

"सांग. सांगितलेलं बरं."

सव्वीस.

"गुडघे दुखतायत रे."

"चाळीस झाले. बोलू नकोस, चुकेन."

एकोणसाठ. साठ.

बोट सोडलं. ज्योत राहिली.

ड्रायरच्या झाकणाच्या आतल्या पत्र्यावर पेन्सिलीच्या तारखा होत्या. दुरुस्ती करणाऱ्याने लिहायच्या, पुढच्याला कळावं म्हणून. पहिल्या दोन दुसऱ्या कुणाच्या, नंतरच्या अकरा त्याच्या. त्याने बारावी लिहिली. खाली लिहिलं: सांधा गळत होता. वास अल्बिनाने घेतला.

"माझं नाव कशाला?" ती खांद्यावरून वाचत होती.

"खरं ते लिहायचं असतं."

झाकण लागलं. त्याने तिला हात देऊन उठवलं आणि काडेपेटी तिच्या एप्रनच्या खिशात घातली.

"ही कशाला मला?"

तो हत्यारांची पेटी घेऊन जिना चढू लागला. चढताना दोनदा त्याचा हात काडेपेटीच्या सवयीने शर्टाच्या रिकाम्या खिशाकडे गेला.