कारध्याला लागलेला फोन

भंडाऱ्याच्या अंकुशच्या घरी कोशाच्या रेशमी साड्या विणायचा धंदा होता. पुण्याच्या एका दुकानदाराने साड्यांचे फोटो ई-मेलने मागितले आणि घरी फोनच्या तारेवरून इंटरनेट घ्यायचं ठरलं. कॉम्प्युटरवरचं विंडोज व्हायरसने पार खाल्लं होतं, म्हणून अंकुशने मित्राकडच्या सीडीवरून लिनक्स टाकलं. ते झकास चालायचं, पण इंटरनेटला फोन लावणारा आतला मॉडेम काही केल्या ओळखायचं नाही. शेवटी कंटाळून त्याने नागपूरहून बाहेरून जोडायचा मॉडेम आणला.

अंकुशने कागदावरून इंटरनेटचा नंबर वाचला आणि त्याच्या बायकोने, कीर्तीने, तो टाइप केला. मॉडेमच्या बारक्या स्पीकरमधून रिंग ऐकू आली. मग एका बाईचा आवाज आला.

"हॅलो, कोन बोलते?"

लाइन तुटली, आणि लिनक्सने आपणहून पुन्हा तोच नंबर फिरवला.

"थांबवा ना त्याले," कीर्ती म्हणाली.

"थांबवूनच राहिलो. आयकत नाही."

तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला. "भूपेश, तूच हायस ना बापा? बोलत काहून नाहीस? रागावला काय? बरं, मी त्या पोरीचं नाव नाही काढत आता. नसन करायचं लगन तं नको करू. पन दिवाळीले घरी ये. सुरतले कोन हाय तुह्यं?"

बैठकीतला फोन त्याच तारेवर होता. कीर्तीने धावत जाऊन तो उचलला. "मावशी, मी भूपेश नाही. आमच्या कॉम्प्युटरनं चुकून तुम्हाले फोन लावला."

"म्हंजे मी मशिनीसंग बोलत होती?" आणि बाई खळखळून हसायला लागली. ती नदीपलीकडच्या कारध्याची रेवताबाई, वैनगंगेवर मासोळ्या धरणाऱ्या घरातली.

"आता बोलल्या ते त्याले सांगा ना," कीर्ती म्हणाली.

"त्याचा आवाज आला का माह्यं तोंड भांडाले लागते, बाई."

"मंग त्याले बोलूच नका देऊ. आधी तुमचं सांगून टाका."

रेवताबाईने कीर्तीचा नंबर मागून घेतला. फोन ठेवल्यावर अंकुशने पडद्यावरचे आकडे तपासले.

"शेवटी एकोणसत्तर सांगितलं होतं. तू तं सातावर नऊ टाकले."

कीर्ती बालाघाटची, शाळा हिंदीतली. "सत्तर आयकलं, वर काहीतरी एकोण म्हटलं. म्हणून नऊ."

"एकोणसत्तर म्हंजे उनहत्तर."

"मंग उनहत्तर म्हणाचं ना."

आकडा बदलला. या वेळी मॉडेम असा किंचाळला की अंकुशची आई, कौशल्याबाई, हातातली पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. लाइन लागली होती. एका साडीचा फोटो जाईपर्यंत सगळ्यांचा चहा पिऊन झाला.

दिवाळीत रेवताबाईचा फोन आला. पोरगा आला होता, आणि मासोळी खायला दोघांनी यायलाच पाहिजे होतं. अंकुश-कीर्ती स्कूटरवर पूल ओलांडून कारध्याला गेली. अंगणात एक तरुण मासोळ्या साफ करत बसला होता. त्याने मान वर करून कीर्तीकडे पाहिलं.

"तुमीच का तो कॉम्प्युटर?"

"हो," कीर्ती म्हणाली, आणि रेवताबाईने तिला हात धरून घरात नेलं.