चार नंबर डावीकडं जाते

विजयमाला गेल्याची बातमी आली तेव्हा रावजी मागाखाली उताणा पडून नट आवळत होता. आधी शेजारचा माग थांबला, मग पलीकडचा, मग सगळी रांग. लाईट गेली असं त्याला वाटलं. त्यानं मान वळवून वर पाहिलं तर ट्यूबलाईटी चालू होत्या. दिवे चालू असताना चोवीस माग बंद झालेले त्यानं बावीस वर्षांत पाहिले नव्हते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या चादरीच्या कारखान्यात रावजी जॉबर होता. मागात बिघाड झाला की तो शोधायचा आणि काढायचा, हे त्याचं काम. पाना हातात तसाच धरून तो बाहेर आला. समोर शेठ उभे होते. शेठ कधी मागापर्यंत चालत येत नसत.

"रावजी, बाईंच्या शाळेतनं फोन आलाय," ते म्हणाले. "गाडी काढलीय. बस."

रावजीची बायको विजयमाला शाळेत खेळाची शिक्षिका होती. सकाळी मैदानावर मुलींना रांगेत उभं करता करता ती खाली बसली आणि परत उठली नाही. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. बेचाळीस वर्षांची होती.

दिवसकार्य झालं. सांगोल्याचे पाहुणे गेले. मुलगी आरोही पंधरा दिवस राहिली आणि पुण्याला नोकरीवर परतली. शाळेनं काही कागद मागितले होते म्हणून रावजीनं विजयमालाचं कपाट उघडलं, तेव्हा त्याला तिची ती हिरवी फाईल सापडली. आत निशाण्याचे कागद होते. काळा गोल, आणि त्यात पाडलेली भोकं.

विजयमाला कॉलेजात असल्यापासून रायफल चालवायची. शहराबाहेर एका जुन्या दगडाच्या खाणीत रायफल क्लब होता. दर रविवारी ती तिथं जायची. पन्नास मीटरवरून, पोटावर झोपून, सलग चाळीस गोळ्या. क्लबच्या सहा रायफली होत्या, त्यातली चार नंबरची तिची. म्हणजे मालकीची नव्हे, पण तिच्याशिवाय ती कोणी घेत नसे. कारखान्यातून आली तशीच साधी रायफल. प्रत्येक गोळीला हातानं बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा.

गेल्या हिवाळ्यात राज्याच्या स्पर्धेसाठी निवड होती. विजयमालाची निवड दोन गुणांनी हुकली. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली होती, "अवो, चार नंबर डावीकडं जाती. पैल्या सात-आठ गोळ्या मधी बसत्यात. मग एकेक सरकाय लागती. मी लई दिस बघतीय."

रावजी जेवत होता. दिवसभर त्यानं कारागिरांची तीच रड ऐकली होती. कापड बिघडलं की जो तो मागाला नावं ठेवतो.

"आमचे कारागीर बी असंच म्हणत्यात," तो म्हणाला. "रायफल हाय तशीच हाय. हात बघ तुझा."

विजयमालानं खरंच पिठानं भरलेला हात उलटासुलटा करून पाहिला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

रावजीनं फाईल जमिनीवर मांडली. प्रत्येक कागदावर तारीख होती आणि प्रत्येक भोकाशेजारी बारीक आकडा, कितवी गोळी ते सांगणारा. कापडाचा दोष वाचायची त्याला सवय होती. कापड बघून मागाचा कोणता भाग चुकतोय हे तो सांगू शकायचा. हे कागद त्यानं तसेच वाचले. सप्टेंबरपर्यंत भोकांचा झुबका गोल होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या कागदापासून पहिल्या सात-आठ गोळ्या मध्यात आणि पुढच्या डावीकडं, एकीपुढं एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या.

हात चुकला तर भोकं चारी दिशांना जातात. एकाच दिशेला, एकाच क्रमानं, दर रविवारी? आणि सुरुवातीला बरोबर, मग बिघाड? हे त्याला चांगलं माहीत होतं. थंड असताना बरोबर चालतो आणि तापल्यावर चुकतो तो माग म्हणजे कुठंतरी काहीतरी अडतंय.

म्हणजे तिचं खरं असेल. हे त्याला पक्कं करून घ्यायचं होतं. दुसरं काही नको होतं.

रविवारी तो मोटारसायकल काढून खाणीवर गेला. क्लबच्या रायफली बिरप्पा हवालदाराच्या ताब्यात असायच्या. बिरप्पा सैन्यातून निवृत्त झालेला, अक्कलकोटच्या बाजूचा धनगर, मिशी पांढरी आणि गुडघे कामातून गेलेले. रावजीनं कागद त्याच्यापुढं ठेवले.

"रावजी, बाई म्हणाल्या तवाच मी तपासली होती की ती," बिरप्पा म्हणाला. त्यानं रजिस्टर काढून दाखवलं. डिसेंबरची नोंद होती. 'चार नंबर तपासली. दोष नाही.'

"किती गोळ्या मारल्या?"

"पाच. पाचीच्या पाची मधी."

"पाचच?"

बिरप्पानं रजिस्टर मिटलं.

"हवालदार, चाळीस मारा. तिच्यासारख्या. मधी न थांबता."

"हितं झोपायचं म्हंजे मला उठवाय दोन माणसं लागत्यात."

"मी उठवतो."

बिरप्पा झोपला. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली आणि सुरू झाला. आठवी गोळी मध्यात. बारावी किंचित डावीकडं. विसावीनंतर दुर्बिणीतून बघणाऱ्या रावजीला पुढचं भोक कुठं पडणार हे आधीच कळायला लागलं. चाळीस झाल्यावर त्यानं तो कागद विजयमालाच्या कागदाशेजारी धरला. तीच रांग होती.

बिरप्पानं दोन्ही कागद पाहिले. "आयला," एवढंच म्हणाला.

"आता तुमचा हात चुकला असं म्हणू नका," रावजी म्हणाला.

"न्हाय म्हणत."

त्या दिवशी त्यांनी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, बघितली. घट्ट होती. नळीचं तोंड भिंग लावून बघितलं. कुठं खरचटलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी काडतुसांची दुसरी पेटी फोडली. रांग तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा रावजीचा नियम. दोन बदलल्या तर कोणती लागू पडली ते कळत नाही.

तिसऱ्या रविवारी रावजी म्हणाला, दस्त्याचे स्क्रू बघू. लोखंडी नळी आणि लाकडी दस्ता यांना धरून ठेवणारे ते दोन स्क्रू. त्यानं पुढचा थोडा ढिला आहे असं पाहून आपल्या सवयीनं आवळला, खांद्याचा जोर देऊन. गोळ्या आणखी डावीकडं गेल्या, तेही पहिल्यापासून.

"जॉबरसाहेब," बिरप्पा झोपल्या झोपल्या म्हणाला, "हा माग न्हाय. एवढं आवळत्यात व्हय? लाकूड हाय ते, रडंल."

रावजी चिडला नाही. उलट त्याचे डोळे चमकले. "आवळल्यावर वाढलं, म्हंजे लाकूडच कुटंतरी नळीला भिडतंय. हवालदार, दस्ता उघडा."

"त्ये न्हाय हं! कंपनीनं बसवलेला हाय. बारा वर्सं झाली, कुणी उघडला न्हाय. मी नळी आतनं पुसतो, बोल्ट पुसतो. दस्त्याला हात न्हाय."

"कुणी उघडला न्हाय म्हनूनच म्हणतोय."

"आनि परत बसला न्हाय तर?"

"बावीस वर्सं उघडून परत बसवायचंच काम करतोय मी."

बिरप्पानं मिशीवरून हात फिरवला, रायफल मांडीवर घेतली. शेवटी म्हणाला, "आधी न उघडता काय दिसतंय का बघ."

रावजीनं खिशातून चादरीवर लावायचं लेबल काढलं. गुळगुळीत, कडक कागद. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये काडेपेटीच्या काडीएवढी फट होती. त्या फटीत त्यानं लेबल तोंडाकडून घातलं आणि मागं सरकवत आणलं. सरकलं, सरकलं, आणि शेवटून चार बोटांवर थांबलं. डावीकडून मोकळं जात होतं. उजवीकडं अडत होतं.

"दे तो स्क्रूड्रायव्हर," बिरप्पा म्हणाला.

नळी उचलून बाजूला ठेवली. लाकडाच्या खाचेत, उजव्या अंगाला, काहीतरी काळपट चिकटलेलं होतं. समोर नळीवर तेवढ्याच जागी चकाकता ठिपका पडला होता. बिरप्पाला वाटलं डिंक असेल. रावजीनं नखानं खरवडलं. निघेना. मग थोडं तेल सोडून काडीनं उकरलं तेव्हा ते सुटलं आणि त्याच्या तळहातावर पडलं.

तांदळाचे तीन दाणे होते. तेलात भिजून, वाळून दगडासारखे झालेले. एका दाण्यावरचं काळं कवच फुटलं तेव्हा खालून लाल निघालं. कुंकू.

दोघांनाही एकाच वेळी आठवलं.

ऑक्टोबरात, खंडेनवमीला, क्लबात शस्त्रपूजा होती. पूजेला जोडपं हवं म्हणून बिरप्पानं विजयमालाला सांगितलं होतं, यंदा मालकांना घेऊन या. रावजीनं कारखान्यात मागांची पूजा आटोपली आणि तो इकडं आला. सहा रायफली सतरंजीवर मांडल्या होत्या, ताज्या तेल लावलेल्या. विजयमालानं हळदीकुंकू वाहिलं. अक्षता टाकायचं काम रावजीचं. कारखान्यात तो मागांवर टाकतो तशा त्यानं मूठ भरभरून टाकल्या. चार नंबर बायकोची, म्हणून तिच्यावर दोन मुठी.

"अवो, जरा बेतानं," विजयमाला हसून म्हणाली होती. "रायफल हाय ती, नवरी न्हवं."

सगळे हसले होते. बिरप्पा सगळ्यात मोठ्यानं.

आता बिरप्पा खाली बघत म्हणाला, "मी बी वरनं पुसली आनि ठेवली. उघडायची म्हनून म्हाईतच न्हवतं. चूक माझी बी हाय."

"तुमी पाच गोळ्या मारल्या," रावजी म्हणाला. "मी एकबी न मारता बोललो."

त्यानं दाणे लेबलाच्या कागदात गुंडाळून खिशात ठेवले. मग तो कामाला लागला. खाच पुसली, बारीक पॉलिशपेपरनं डाग घासला, नळी कोरडी केली. दस्ता बसवताना आधी दोन्ही स्क्रू हातानं टेकवले, मग थोडा पुढचा, थोडा मागचा, असं करत बेतानं आवळले. लेबल पुन्हा फटीत घातलं. ते तोंडापासून शेवटापर्यंत दोन्ही अंगांनी अडखळल्याशिवाय गेलं.

"झोपा, हवालदार."

"आज? गुडघा लई दुखतोय."

"आजच."

बिरप्पा झोपला. रावजी दुर्बिणीला डोळा लावून बसला. आठवी मध्यात. बारावी मध्यात. विसावी मध्यात. तिसावी मध्यात. नळी तापली होती, हात लावला तर कळत होतं, पण भोकं जागची हलत नव्हती. चाळीस झाल्या. रावजीनं कागद आणला आणि बिरप्पानं त्यावर दहा रुपयांचं नाणं ठेवलं. सदतीस भोकं नाण्याखाली झाकली गेली. तीन बाहेर राहिली.

"ही तीन माझी," बिरप्पा म्हणाला. "तुझ्या बायकोची अशी बाहीर पडली नसती."

रावजीनं त्याला हात देऊन उठवलं. बिरप्पा लंगडत खोलीत गेला, रजिस्टर काढलं, डिसेंबरची नोंद शोधली. 'दोष नाही' यावर त्यानं आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'दोष रायफलीत होता. नेमबाज बरोबर होती.' खाली सही केली, तारीख घातली आणि रजिस्टर रावजीकडं सरकवलं.

"तू बी सही कर. साक्षीदार म्हनून."

रावजीनं सही केली. निवड समितीला कळवू का, असं बिरप्पानं विचारलं. रावजी नको म्हणाला. ती यादी कधीच लागून गेली होती.

घरी येऊन त्यानं आजचा कागद फाईलमध्ये सर्वांत वर लावला. दाण्यांची पुडी कपाटात, तिच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवली. मग पीठ मळून त्यानं दोन भाकरी थापल्या. त्या नीट गोल झाल्या नाहीत.

चार नंबर आता डावीकडं जात नाही. तिचा हात बरोबर होता, हे तिला सांगायचं राहिलं आहे.