पट्ट्याची लिली

“हे काय करून ठेवलं तुमी?”

हातातलं गाठोडं खाली ठेवायचंही मनकर्णाबाईला सुचलं नाही. बडनेऱ्याच्या मावशीकडे ती दोन दिवस राहिली काय, नि घरामागच्या सांदवाडीत हा प्रकार. भर आश्विनाच्या उन्हात सूप मांडलेलं, नि सुपात शेणाचे अकरा गोळे एका ओळीत वाळत बसलेले. शेजारी तिचा नवरा जानराव उभा. चेहरा असा, की काशी करून आलेला माणूसही त्याच्यापुढे पापी वाटावा.

“तुह्यं बियानं तयार केलं,” तो म्हणाला. “शेणकाल्यात घोळलं, वरून राख लावली. सरकीले लावतो तसंच. म्हटलं बुढ्याले अन् तुले तेवढाच आधार.”

वऱ्हाडात सरकीला हाच संस्कार असतो. कपाशीच्या बियांना कापसाची लव चिकटलेली असते, म्हणून पेरणीआधी त्या शेणात नि राखेत चोळून उन्हात वाळवतात, म्हणजे दाणा न् दाणा सुटा होतो. जानरावानं लहानपणापासून हेच पाहिलेलं. जगातलं प्रत्येक बी शेणाला भुकेलं असतं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

पण हे लिलीचं बी होतं. आवळ्याएवढं, हिरवं, रसाळ. ते भिंतीतल्या देवळीत नुसतं सावलीत ठेवायचं असतं. ना माती, ना पाणी. महिन्याभरात तेच आपल्या अंगच्या ओलीवर कोंब काढतं. दोन दिवसांचं ऊन म्हणजे त्याला चुलीत घालणंच.

“मनू,” ओट्यावरून आवाज आला. “शेन लावलं का वं कोनी त्याले?”

ओट्यावर तिचा बाप बसला होता. पुंजारामच्या डोळ्यांवर पडदा चढत चालला होता. माणूस ओळखायला त्याला आता दारातल्या उजेडाकडे वळावं लागे. नाक मात्र अजून नवाबाच्या बागेत नोकरीला होतं.

“हो बाबा.”

“आन इकळे. संगं पानी आन.”

तिनं परातीत पाणी आणलं. त्यानं एकेक गोळा पाण्यात धरला, अंगठ्यानं शेण सोडवलं, बी दोन बोटांत दाबून पाहिलं. “हे गेलं.” दुसरं. “हे बी गेलं.” जानराव आधी उभा होता, मग बसला, मग भिंतीकडे तोंड करून बसला. नऊ बिया गेल्या. दोन बिया म्हाताऱ्यानं पुन्हा पुन्हा दाबल्या, कानाशी नेल्या, जणू त्या काही बोलणार होत्या.

“ह्या दोघी हायेत अजून,” तो म्हणाला. मग जावयाच्या दिशेनं मान वळवून, “जावाई, सरकीच्या हिशेबानं तुमी बरोबर केलं. पन हे बी म्हंजे पोटुशी बाई हाय. तिच्या पोटातच पानी, पोटातच भाकर. तिले वरून काही लावा लागत नाही. सावलीत बसू द्या, झालं.”

“मले काय मालूम,” जानराव भिंतीला म्हणाला. त्या दिवशी तो जेवायला दोनदा बोलावल्याशिवाय उठला नाही.

त्या अकरा बियांमागे केवढं काय होतं, ते त्याला खरंच मालूम नव्हतं. मनकर्णाबाईला होतं.

तिचं माहेर अचलपूर. पुंजाराम तिथल्या नवाबाच्या बागेत माळी. सापन नदीच्या काठी ती बाग, आणि बागेच्या टोकाला विहिरीजवळ पांढऱ्या लिलीचा ताटवा. छावणीतल्या मडमा तिला लिली म्हणायच्या, म्हणून मग माळीही म्हणू लागले. मनगटाएवढा दांडा, वर सहा-सात फुलं, आणि वास असा की मोटेचे बैल विहिरीशी येऊन थबकत. आश्विनात मातीच्या भुलाबाई बसल्या की आळीतल्या पोरी गाणी म्हणायला तिच्याच घरी जमायच्या, कारण मनूच्या भुलाबाईपुढे लिली असायची. गाण्यांनंतर झाकलेला खाऊ ओळखण्यात मनू कायम हरायची, पण फुलांमुळे तिचा मान मोठा. काय ते दिवस होते! पहाटे बाप तिला खांद्यावर बसवून न्यायचा आणि म्हणायचा, “तू हात घाल, तुह्यी बोटं बारीक.” मग ती उमलू घातलेल्या कळीतले केसर एकेक करून खुडायची.

कारण पुंजारामच्या डोक्यात एक वेड होतं. चिखलदऱ्याच्या डोंगरात त्याला एक रानलिली सापडली होती. बुटकी, पान कडेला झालरीसारखं मुरडलेलं, वास जेमतेम. पण प्रत्येक पाकळीच्या मधोमध लाल पट्टा, नव्या नवरीच्या भांगासारखा. हिचा पट्टा बागेतल्या पांढरीच्या अंगावर आणायचा. एवढंच. पांढरीच्या कळीतले केसर आधीच काढायचे, रानातलीची पिवळी भुकटी तिच्या मधल्या काडीला लावायची, वर चिंधी बांधायची, म्हणजे दुसरा कोणी भुंगा मध्ये तोंड घालणार नाही. दोनदा त्यानं हे केलं. दोन्ही वेळा बागेवरच्या दारोग्यानं रोपं उपटली, त्याला गुलाब हवे होते.

मग मनूचं लग्न झालं. बापानं आंदणात पांढरीचा एक कंद दिला. सासू म्हणाली, “कांदा दिला वाटते व्याह्यानं.” मनकर्णेनं तो सांदवाडीत पुरला. त्याला आता अठरा वर्षं झाली होती.

आणि यंदा अमेरिकेतल्या लढाईपायी अचलपुरात नांगर चालला. कोण कुठली अमेरिका! पण तिथला कापूस बंद झाला, तेव्हा विलायतेला वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली, आणि जो तो रिकाम्या वाफ्याकडे वावर म्हणून पाहायला लागला. नवाबाची बाग ज्याला विकली गेली, त्यानं ती ज्येष्ठातच नांगरून कपाशी पेरली. पुंजाराम जानरावाच्या बैलगाडीत बसून अमरावतीला लेकीकडे आला. बरोबर एक कांबळं नि मातीच्या गड्ड्यासकट रानलिली. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी खुरपं घेऊन बसला. तण कोणतं नि रोप कोणतं, ते तो बोटांनी ओळखायचा.

पोळ्याच्या सुमारास दोन्ही लिली एकदमच उमलल्या. बापानं सांगितलं, मनकर्णेनं केलं. “डोये हायेत तवर एक डाव पट्टा पाहाचा हाय मले,” तो म्हणाला होता. बस, तेवढंच मागणं. त्यातून त्या अकरा बिया आल्या होत्या.

दोन उरल्या. दोन्हींना कोंब आले, दोन्ही वाफ्यात गेल्या. एक पुढच्या पावसाळ्यात सडली. एक राहिली.

ती तीन वर्षं अमरावतीला पुढे कित्येक वर्षं विसरता आली नाहीत. रस्त्यानं बघावं तिकडे कापसाच्या गाड्या. परकोटाच्या दरवाज्यात गाड्यांच्या रांगा अशा, की दुपारच्या जेवणाला येणारा पाहुणा संध्याकाळी पोचे. झाडाझुडपांना, कुंपणांना, म्हशींच्या शिंगांना कापूस लटकलेला. कोणी बैलांच्या गळ्यात चांदीच्या साखळ्या घातल्या, कोणी गाडीच्या चाकाला चांदीची पट्टी ठोकली. कापसाचं भाडं वाहणाऱ्या जानरावाच्या एका गाडीच्या तीन झाल्या. त्यानं बायकोला गोठ केले, सासऱ्याला पागोटं आणलं, आणि दुसऱ्या वर्षी सांदवाडीच्या मधोमध उभा राहून म्हणाला, “इथी शेड टाकतो. कापसाचे गाठोडे भिजून राहिले.”

“टाका,” मनकर्णाबाई म्हणाली. “तो वाफा सोडून.”

“वाफा मधात येते ना पन.”

“तर मंग शेडच्या मधात वाफा राहील. छप्पराले भोक ठेवा.”

पलीकडच्या आयशाबी भिंतीवरून सगळं ऐकत होत्या. बांगड्यांचं दुकान त्यांचं. अमरावतीतल्या निम्म्या मनगटांची नि घरांची त्यांना खबर असे. त्या म्हणाल्या, “जानरावभाई, छप्पर को भोक पाडनेवाला मिस्त्री मिला तो मेरेकू बी बताना. मले पाहाचा हाय तो मानूस.”

जानराव हसला. शेड झाली, पण अर्ध्यातच थांबली. शेणात गेलेल्या नऊ बियांचं ओझं त्याच्या डोक्यावर होतंच. तो कुणाला दिसू नये अशा बेतानं वाफ्याभोवती काट्या रोवून गेला.

आणि पुंजाराम? पहिल्या वर्षी त्याला पानं दिसत. दुसऱ्या वर्षी हिरवा धब्बा दिसे. “आली का वं कळी?” तो रोज विचारी, आणि ती रोज सांगे, “येईन बाबा, लहान हाय अजून.” पावसाळा येई, पानं फुटत, दांडा काही येत नसे. तिला रात्रंदिवस एकच घोर: हिची घाई होईना नि त्याचे डोळे थांबेनात. तिसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी तो पाण्याचा तांब्या समोर असताना चाचपडत राहिला. तिनं तो हातात दिला.

त्याच साली अमेरिकेतली लढाई मिटली. कापूस एकदम कोसळला. दोन गाड्या गेल्या, चाकाची चांदी उतरली, अर्धी शेड रिकामी पडली. आणि आश्विन लागला तेव्हा, सगळं गाव तोंड पाडून बसलेलं असताना, त्या एकट्या उरलेल्या लिलीनं दांडा वर काढला.

ती पहाटे उठून गेली. सहा कळ्यांतली एक पूर्ण उमलली होती, दुसरी उमलत होती. उजेड अजून पुरता फुटला नव्हता, म्हणून तिला वाटलं आपल्याला नीट दिसत नाही. ती थांबली. तांबडं फुटलं, ऊन भिंतीवर आलं, मग वाफ्यात आलं.

फूल पांढरं होतं. दुधासारखं, स्वच्छ, बिनडागाचं पांढरं. पट्टा कुठेच नव्हता.

“उमललं ना?” मागून आवाज आला. म्हातारा भिंत धरत धरत आला होता. वासानं उठवलं होतं त्याला. “पट्टा आला का?”

मनकर्णेनं नवऱ्याकडे पाहिलं. जानराव दारात उभा होता, त्यालाही दिसत होतं. त्यानं खाली मान घातली.

“आला बाबा,” ती म्हणाली. “लाल. मधोमध, एकदम सिधा.”

“असं का.”

तो वाफ्याशी बसला. आधी दांडा चाचपला, मग फुलाखाली तळहात धरून नाक जवळ नेलं. मग हसला.

“बापाशी खोटं बोलून राहिली वं मनू. पट्टेवालीले असा वास असते का कुठी? हे पांढरंच हाय. चोख पांढरं.”

तिला रडू आलं. तीन वर्षं धरून ठेवलेलं सगळंच आलं. “माह्याच हातून काही चुकलं असीन. केसर काढाले उशीर झाला असीन, नाही तं चिंधी ढिली राहिली असीन.”

“थांब.” त्यानं खाली हात घालून पान शोधलं, कडेवरून अंगठा फिरवत टोकापर्यंत नेला. “हे पाह्य. कड मुरडली हाय. पांढरीचं पान सपाट असते. हे बापाचं पान हाय, रानातल्याचं. रगत उतरलं हाय पोरी, नुसतं लपून बसलं हाय. तुह्या आजीचं नाक माह्या तोंडावर नव्हतं, तुह्या तोंडावर कसं आलं मंग? लेकाले चुकवून नातीवर जाते कधी कधी. हिले पुन्हा रानातल्याशी जुळव.”

“पुन्हा तीन साल लागतील, बाबा.”

“लागतील ना. मंग काय झालं?”

तिची नजर त्याच्या विझलेल्या डोळ्यांवर गेली.

“रानातली उमलली हाय का?”

“एक दांडा हाय. उशिरा आला तो.”

“आन.”

जानरावच गेला. कोपऱ्यातलं रानलिलीचं फूल त्यानं दोन्ही हातांत धरून आणलं, लग्नात अक्षता आणतात तसं. मनकर्णा उमलत्या कळीकडे वाकली, तेवढ्यात म्हाताऱ्यानं तिचा हात बाजूला केला.

“आज मी करतो. तुह्यी बोटं जाड झाली आता.”

त्याची तर झाडाच्या मुळांसारखी होती. पण ती कळीत शिरली तेव्हा पाकळी हलली नाही. सहा केसर, एकेक करून, देठाजवळून खुडले. मधली काडी ओळखून सोडून दिली. मग रानातल्या फुलाची भुकटी अंगठ्यावर घेऊन त्यानं त्या काडीच्या टोकाला हलकेच लावली, तान्ह्या पोराला बोटानं मध चाटवतात तशी. मनकर्णेनं पदराची चिंधी फाडून दिली. गाठ त्यानंच मारली.

“बी तयार झाल्यावर म्या काय कराचं?” जानरावानं विचारलं.

“तुमी फक्त दूर राहाचं,” मनकर्णाबाई म्हणाली, आणि तिघंही हसले.

उन्हं चढली. तिनं भाकरी टाकायला घेतल्या. आतून बापाला हात धुवायला हाक मारणार होती, पण दारातून तिला तो दिसला, तशी ती तिथंच थांबली. पुंजाराम ओट्यावर बसला होता, तळवा वर करून गुडघ्यावर ठेवलेला. अंगठ्यावर पिवळी भुकटी अजून होती, आणि तिच्यावर एक मधमाशी येऊन बसली होती. ती इकडून तिकडे फिरत होती, आणि म्हातारा तिचं काम होईपर्यंत हात जरासुद्धा हलवत नव्हता.