घासून न निघालेली पायरी

"अगं वहिनी, पायरी घासतेस की तिचा आरसा करतेस? उद्या पाळकसाहेब तिच्यात बघून दाढी करतील!"

मित्रांनो, ही कुरकुर नणंदबाईंची. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभूच्या आठवणीत सगळे वाटून खातात ती प्रभुभोजनाची भाकर त्या भाजतात, आणि त्यांचं तोंडही भट्टीसारखंच, सदा तापलेलं. त्यांची वहिनी म्हणजे माझ्या बाई, शिवणकाम करणाऱ्या. आणि मी? मी बाईंच्या मुठीतला एक जुना लाकडी ब्रश आहे.

ब्रशवाल्याने माझ्या पाठीत एकेक झुबका तारेने आवळून बसवला, तेव्हा मी भलता ताठ होतो. दुकानातून मला निवडलं ते बाईंच्या लेकीने. "आई, याचे केस माझ्यासारखेच राठ आहेत बघ!" घासता घासता ती गायची, आणि काम झालं की मला उलटा वाळत ठेवायची. मित्रांनो, ब्रश असाच ठेवावा. केसांवर उभा ठेवला तर तो कायमचा वाकतो. माणसाचंही तसंच असावं.

बाईंचं घर कडक नियमांचं. उपवास चुकायचा नाही, प्रार्थनेची वेळ टळायची नाही. लेकीने आमच्या चर्चच्या मंडळीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं आणि बाईंनी तिचं नाव टाकलं. पुढे दिवस भरत आले तेव्हा ती माहेरच्या दाराशी आली. बाईंनी आतून कडी लावली. "नियम म्हणजे नियम." लेक उंबऱ्यावर बसून राहिली, मग उठून गेली. बाळंतपणात ती गेली. बाळही राहिलं नाही.

तेव्हापासून दर शनिवारी बाई मला घेऊन देवळाच्या पायऱ्या घासतात. लोक तोंड भरून वाखाणतात, "काय सेवा करतात हो!" पण रविवारी बाई शेवटच्या बाकावर. भाकर समोर आली की तबक तसंच शेजारणीकडे सरकवतात. "अजून नाही. अजून माझं पाप फिटलं नाही." लोक समजूत घालतात, "तुमचा काय दोष? देवाची इच्छा!" कडीचा विषय मात्र कुणी काढत नाही.

आता माझे केस झडलेत, आणि बाईंचा श्वास पुरत नाही. डॉक्टरांनीही हात टेकले. तरी आज त्या आल्याच. माझं उघडं लाकूड दगडावर खरवडत होतं आणि त्यांची बोटं सोलवटत होती. ओल्या पायरीवर लाल ओघळ दिसला, तशा नणंदबाई थट्टा सोडून खाली वाकल्या. त्यांनी मला बाईंच्या मुठीतून सोडवलं आणि उलटं ठेवलं. लेकीनंतर कितीतरी वर्षांनी कुणीतरी. मग त्या तिथेच, ओल्यातच, बाईंना खेटून बसल्या.

"वहिनी, कडी तूच लावलीस. पोर दारात होती आणि तू कडी लावलीस. दोष नाही म्हणतात ते सगळे खोटं बोलतात, मीसुद्धा खोटंच बोलले. जन्मभर घासलंस तरी हे निघायचं नाही, गं. म्हणूनच तर प्रभू क्रुसावर गेला. तुझ्या कडीसकट सगळं त्याने कधीच फेडलंय. तेवढा विश्वास ठेव, आणि उद्या मी भाजलेली भाकर पुढे सरकवू नकोस."